पुढच्या ब्रेकची तार परत घट्ट करून घ्या

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातला. घरची शेती आहे, शिवाय रोज सकाळी दूध घेऊन डेअरीवर जातो. गाडी 2021 ची, 100 सीसीची, पुढेमागे ड्रम ब्रेक. दिवाळीनंतर आमच्या फाट्याजवळच्या वळणावर घसरलो. डावं वळण आहे, पार काटकोनात. नंतर चालून मोजलं तं साठ-बासष्ट पावलं भरलं. वेग पंचेचाळीसच्या आसपास असंल. अर्ध्या वळणात गेलो अन् समोर बकऱ्या. पुढचा ब्रेक दाबला, तं गाडी खालून निघूनच गेली. साईडपट्टीचा मुरूम डांबरावर आला होता. मुका मार लागला, हाडं शाबूत आहेत.

तेव्हापासून घरी एकच, "तुले किती डाव सांगतलं, पुढचा ब्रेक मारत जाऊ नको, पलटी खाशीन." बाबांनी गावातल्या मेकॅनिककडून पुढच्या ब्रेकची तारच ढिली करून आणली. आता लिव्हर मुठीला टेकते तरी काही होत नाही. मागचा जोरात मारला की मागचं चाक फरफटते. पुढचा ब्रेक खरंच मारू नये का? वळणात अचानक काही आलं तं करायचं काय? मागं युरियाची बॅग किंवा आई बसली असली तं वेगळं काही करावं लागते का? आणि पुढं डिस्क, मागं जाड टायर बसवून घेऊ का?

— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर

भाऊ, बाकीचं नंतर वाचा, आधी ती तार घट्ट करून आणा. आज तुमची गाडी ज्या अवस्थेत आहे, तीत 60 च्या वेगातून थांबायला तिला दुपटीहून जास्त जागा लागते. बाबांनी काळजीपोटीच केलं असणार, पण गाडीचा मोठा ब्रेक काढून लहान ब्रेक ठेवला, असं झालं आहे.

मोठा आणि लहान का म्हणायचं, ते वजनाच्या हिशोबात दिसतं. तुमच्या प्रकारची गाडी साधारण 112 किलोची. तुम्ही 63 किलोचे धरू, म्हणजे एकूण 175. गाडी उभी असते तेव्हा यातले ढोबळमानाने 80 किलो पुढच्या चाकावर आणि 95 मागच्या चाकावर असतात. ब्रेक लागला की चाकं जमिनीपाशी अडवली जातात, पण गाडीचं आणि तुमचं वजन जमिनीपासून दोनेक फूट उंचावर असतं आणि ते पुढे जाऊ पाहतं. त्यामुळे पुढचे शॉकअप दबतात, मागची बाजू हलकी होते. कोरड्या डांबरावर चांगला कचकचीत ब्रेक लागला, तर जवळजवळ 60 किलो मागच्या चाकावरून पुढच्या चाकावर सरकतात. आता पुढे 140 आणि मागे जेमतेम 35. टायरची पकड ही त्याच्यावर दाबलेल्या वजनाच्या हिशोबात असते. 35 किलोंचं चाक कितीही जोरानं अडवलं तरी ते काय थांबवणार? ते लॉक होतं आणि फरफटतं. तुम्ही पत्रात लिहिलं आहे ते नेमकं हेच.

मीटरमध्ये सांगायचं तर 60 च्या वेगात गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरहून जास्त जाते. कोरड्या डांबरावर दोन्ही ब्रेक नीट लागले तर ती वीसेक मीटरमध्ये थांबते. एकट्या मागच्या ब्रेकवर, तोही लॉक न होऊ देता मारला, तरी 45 मीटर लागतात. ब्रेक मारायचं डोक्यात येऊन बोटं हलेपर्यंत जो एक सेकंद जातो, त्यातले साडेसोळा मीटर दोन्हीकडे वेगळे धरा.

आणखी एक गोष्ट बाबांना सांगा. 1 एप्रिल 2019 पासून आपल्याकडे 125 सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना कॉम्बी ब्रेक किंवा एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं, आणि 125 च्या वरच्यांना एबीएसच. तुमची गाडी 2021 ची, म्हणजे तिला कॉम्बी ब्रेक असणार: पायातला ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. मेकॅनिकनं पुढच्या ड्रमवरचा नट ढिला केला असेल तर लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे पट्टे, ड्रमपासून लांब गेले, आणि ती सोयही गेली. ज्या ब्रेकला घाबरून तार सोडली, तो कंपनीनं मुद्दाम पायालाही जोडून दिलेला होता.

आता "पलटी खाशीन" चं. गाडी पुढच्या चाकावरून कोलांटी खायला वजन बरंच उंच आणि बरंच पुढे असावं लागतं. तुमच्या गाडीचा हिशोब केला तर सपाट रस्त्यावर त्यासाठी गुरुत्वाच्या 1.1 पट जोरानं ब्रेक लागायला हवा. चांगल्या कोरड्या डांबरावर साधा टायर 0.7 ते 0.8 पटच पकड देतो. म्हणजे मागचं चाक आभाळाकडे जायच्या आधी पुढचंच चाक घसरेल. तीव्र उतारावर किंवा चाक खड्ड्यात अडकलं तर गोष्ट वेगळी. गावात जी "पलटी" म्हणतात ती बहुतेक वेळा पलटी नसतेच. पुढचं चाक लॉक होतं, फिरायचं थांबलं की ते गाडी सांभाळायचंही थांबतं, हँडल एका बाजूला मुडपतं आणि गाडी अर्ध्या सेकंदात आडवी होते. हे होतं दोन कारणांनी: लिव्हर एकदम मुठीत आवळली, किंवा चाकाखाली पकडच नव्हती. तुमच्या वेळी दोन्ही होतं. त्यात तिसरं म्हणजे गाडी झुकलेली होती.

तुम्ही पावलं मोजलीत हे फार बरं केलंत, कारण त्यावरून वळणाचा हिशोब मांडता येतो. काटकोनी वळणात चाललेल्या पावलांचे निम्मे करा, तेवढ्या मीटरची त्रिज्या. साठ-बासष्टचे झाले 30 मीटर. आता वेगाचा वर्ग करा, त्याला त्रिज्येनं भागा, परत 127 नं भागा. 45 चा वर्ग 2025, भागिले 30, भागिले 127: 0.53. एवढी पकड तुमच्या टायरांना नुसतं वळण्यासाठी लागत होती, ब्रेकला हातही न लावता. त्या वेगात गाडी 28 अंश झुकते. यात वजन कुठेच आलेलं नाही, हे लक्षात घ्या. एकटे असा की डबल सीट, त्याच वळणाला त्याच वेगात तेवढीच झुक लागते.

कोरडं डांबर 0.8 देतं असं धरलं तर 0.53 भागत होतं. डांबरावर पसरलेला सुटा मुरूम मात्र 0.3 ते 0.4 च्या पलीकडे जात नाही. खरं सांगायचं तर बकऱ्या आल्या नसत्या आणि ब्रेक मारला नसता, तरी त्या मुरमावर तुम्ही घसरलाच असता. ब्रेकनं फक्त दोन पावलं आधी पाडलं.

टायरची पकड म्हणजे विहिरीवरची एकच मोटर समजा, तिच्यावर वळणं आणि थांबणं अशा दोन बांध्या. एकीकडे पाणी जास्त सोडलं की दुसरीकडे कमी. फक्त हिशोब साध्या वजाबाकीचा नाही, वर्गाचा आहे, आणि तो थोडा आपल्या बाजूचा आहे. तुमच्याच वळणावर, कोरड्या स्वच्छ डांबरावर, 45 ला वळताना ब्रेकसाठी अजून 0.6 उरते (0.8 च्या वर्गातून 0.53 चा वर्ग वजा करा, उरेल त्याचं वर्गमूळ). ही पुष्कळ झाली. वेग 55 झाला की वळायलाच 0.79 लागतात आणि ब्रेकला जवळजवळ काहीच उरत नाही. दहाच किलोमीटरचा फरक, पण 45 वाला वाचतो आणि 55 वाला हात लावताच पडतो. मुरमावर पकड 0.35 धरा: 35 च्या वेगाला वळण्यातच 0.32 जातात, 25 ला फक्त 0.16. म्हणजे 25 ला मुरमावर असूनसुद्धा ब्रेकसाठी 0.3 शिल्लक, आणि बकऱ्या दिसल्यापासून पंधरा मीटरमध्ये गाडी उभी. त्या वळणाचा तुमचा आकडा 25 आहे. मुरूम झाडून निघाला आणि वळण पलीकडपर्यंत दिसत असलं तर 35.

वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना. हे ऐकायला सोपं वाटतं, पण बहुतेक जण वळण सुरू झाल्यावर ब्रेक शोधतात. सरळ रस्त्यावरच दोन्ही ब्रेक लावा, एक गिअर खाली या, क्लच हळू सोडा. झटक्यानं सोडला तर मागचं चाक इंजिनच्या ओढीनंच घसरतं. मग लिव्हर पूर्ण सोडा, गाडी झुकवा, रेस हलकीशी, एकसारखी धरा. वळणात रेस एकदम बंद करणंही ब्रेक मारण्यासारखंच असतं.

झुकवायची कशी? तीसच्या वर वेग असला की गाडी हँडल फिरवून वळत नाही. डावीकडे जायचं तर डावी मूठ हळूच पुढे ढकलायची. उलटं वाटेल, पण नकळत तुम्ही रोज तेच करता. ढकललं की चाक क्षणभर उजवीकडे जातं, गाडी त्याच्यावरून डावीकडे झुकते आणि वळते. मोकळ्या सरळ रस्त्यावर 35-40 ला एका तळहातानं मूठ जराशी दाबून पाहा, गाडी लगेच त्या बाजूला जाईल. हे माहीत असलं की वळणात अडकल्यावर हात आखडत नाहीत. आणखी वळायचं असलं की आतली मूठ आणखी थोडी ढकलायची, एवढंच.

नजर वळणाच्या शेवटाकडे ठेवा. घाबरल्यावर माणूस बकरीकडेच बघत राहतो आणि गाडी बकरीवरच जाते.

तरीही वळणात मध्येच काही आलं, तर? खाली स्वच्छ डांबर असेल तर दोन्ही ब्रेक हलके लावायला सुरुवात करा. झुकलेल्या गाडीचा पुढचा ब्रेक लागला की गाडी आपोआप उभी राहू बघते, कारण टायर त्या वेळी आतल्या कडेवर टेकलेला असतो आणि ब्रेकची ओढ मधोमध न लागता हँडल आत खेचते. तिला उठू द्या, आणि जसजशी उठेल तसतसा लिव्हरवरचा जोर वाढवा. पूर्ण सरळ झाली की पूर्ण जोर. या नादात गाडी वळणाच्या बाहेरच्या बाजूला जाईल. डाव्या वळणात तिकडे समोरून येणारं वाहन असतं, म्हणून हा उपाय फक्त आपल्या बाजूच्या जागेत संपणारा हवा. आणि ती जागा मिळते कुठून? आधीच कमी ठेवलेल्या वेगातून. खाली मुरूम असेल तर त्या चार-पाच मीटरमध्ये पुढच्या ब्रेकला बोटही लावू नका, रेस स्थिर ठेवा, मुठी आवळू नका, मुरूम संपला की मग ब्रेक.

मुरूम डाव्या वळणात तुमच्याच बाजूला का येतो, तेही बघून ठेवा. ट्रॅक्टर आणि जीपवाले वळण कापताना आतलं चाक साईडपट्टीवर उतरवतात आणि परत वर चढताना मुरूम डांबरावर ओढून आणतात. काळ्या रस्त्यावर पिवळसर-तांबूस पट्टा लांबूनही दिसतो. चारचाकीची डावी चाकं जिथून जातात ती पट्टी रस्त्यावर सगळ्यात स्वच्छ असते, त्या पट्टीवर राहा. अगदी कडेनं चालणं सुरक्षित वाटतं, पण कचरा सगळा कडेला असतो. तूर कमरेच्या वर गेली की आतली बाजू दिसत नाही. अशा वळणात जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात थांबता येईल एवढाच वेग.

ब्रेक बसवून घेताना

मेकॅनिककडे नुसतं "घट्ट कर" म्हणून सोडू नका, उभं राहून करून घ्या. चाक काढून ड्रम उघडायला लावा. आतली काळी पूड फुंकर किंवा हवा मारून उडवू नका, ती छातीत जाते. ओल्या कपड्यानं पुसा. लायनरचा पृष्ठभाग चकचकीत झाला असेल तर खरखरीत सँडपेपर हलका फिरवायचा. तेल किंवा ग्रीस लागलेला लायनर पेट्रोलनं धुऊन परत बसवतात, ते चालवून घेऊ नका, जोडी बदला. ज्या कॅमनं लायनर फाकतात त्याच्या पिनला अगदी बोटाच्या टोकावर येईल एवढंच ग्रीस, जास्त नाही. जास्त झालं तर तेच गरम होऊन लायनरवर येतं.

तार दोन्ही टोकांना नीट बघा. लिव्हरपाशी, जिथे ती वाकते, तिथे एकेक धागा तुटत जातो. दोन-तीन धागे तुटलेले दिसले तर तार नवी टाका, ती बरोबर जोरात ब्रेक मारायच्या वेळी तुटते. सेटिंग ड्रमजवळच्या नटानं करायचं: लिव्हरच्या टोकाशी 10 ते 20 मिलिमीटर ढिलाई, त्यानंतर ब्रेक लागायला सुरुवात, आणि पूर्ण दाबल्यावर लिव्हर आणि मूठ यांच्यात बोट राहील एवढी जागा. पायातल्या पेडलला 20 ते 30 मिलिमीटर. चाक उचलून हातानं फिरवा, कुठे घासायला नको. ब्रेक पूर्ण दाबून ड्रमच्या झाकणावरचा छोटा बाण पाहा. तो खुणेपर्यंत पोचला असेल तर लायनर संपले, तार कितीही घट्ट केली तरी उपयोग नाही. नवे लायनर टाकले तर पहिले शे-दोनशे किलोमीटर ते पूर्ण टेकत नाहीत, तेवढे दिवस अंतर जास्त ठेवा.

तिथंच आणखी एक तपासणी होऊन जाऊ द्या. पुढचा ब्रेक दाबून धरा आणि गाडी मागेपुढे ढकला. हँडलच्या मानेपाशी "टक्‌" असं लागलं तर कोनसेट (हँडलच्या मानेतलं बेअरिंग) ढिला आहे. ब्रेक मारल्यावर हँडल थरथरतं ते त्यामुळे. आणि शॉकअपच्या दांड्यावर तेलाचा ओला पट्टा दिसला तर ऑइल सील बदला, तेल खाली ड्रमकडेच उतरतं.

बोटांना सवय

तार घट्ट झाल्यावर पहिल्याच दिवशी रस्त्यावर परीक्षा घेऊ नका. बाजार समितीचं सिमेंटचं आवार लिलाव नसेल त्या दिवशी मोकळं असतं, नाहीतर सकाळी सहाचा सरळ, झाडलेला डांबरी तुकडा. चुन्याची एक रेघ ओढा. 20 च्या वेगानं या, रेघेवर फक्त पुढचा ब्रेक, हळू. मग 30, मग 40, आता दोन्ही ब्रेक. लिव्हर दोन टप्प्यांत दाबायची: आधी हलकी, शॉकअप दबेपर्यंत, म्हणजे अर्धा सेकंद; मग जोर वाढवत न्यायचा. सगळी मेख या अर्ध्या सेकंदात आहे. शॉकअप दबले म्हणजे वजन पुढे आलं, वजन आलं म्हणजे टायर रस्त्याला दाबला गेला, आणि आता तो जोर झेलायला तयार आहे. वजन यायच्या आधीच सगळा जोर दिला तर तोच टायर लॉक होतो. ड्रम ब्रेकला चारही बोटं लावा, दोन बोटांत तेवढा जोर निघत नाही.

40 वरून नऊ-दहा मीटरमध्ये थांबता आलं तर उत्तम. सुरुवातीला तेरा-चौदा लागतील. पुढचं चाक चीं करून अडकलं तर लिव्हर त्या क्षणी सोडा आणि परत हळू दाबा. मागचं अडकलं आणि गाडी सरळ असेल तर पेडल सैल करा. पण मागचं चाक बाजूला फेकलं गेलं असेल तर पेडल झटक्यात सोडू नका. चाकानं एकदम पकड घेतली की गाडी उलट बाजूला उसळून माणसाला फेकते, आणि ती पडझड साध्या घसरण्यापेक्षा वाईट असते. नजर समोर ठेवून तसंच थांबायचं. शेवटच्या दोन-चार मीटरमध्ये क्लच दाबा, म्हणजे इंजिन बंद पडून झटका बसत नाही.

एबीएसवाल्या गाडीत हे लॉक होणं-सोडणं यंत्र करतं. तुमच्यात ते बोटांनाच करायचं आहे. तसंही साधं एबीएस सरळ गाडीसाठी आहे, झुकलेल्या गाडीला ते सावरेलच याची हमी नाही.

गोणी, आई आणि दुधाच्या कॅन

युरियाची बॅग 45 किलोची. ती मागच्या सीटवर, म्हणजे जवळजवळ मागच्या चाकाच्या डोक्यावर बसते. पुढच्या चाकावरचं वजन तेवढंच राहतं, पण थांबवायचं वजन 175 चं 220 होतं. म्हणजे त्याच अंतरात थांबायला लिव्हर सव्वापट जोरानं दाबावी लागेल, आणि ड्रम सव्वापट तापेल. उभ्या गाडीत मागच्या चाकावर जास्त वजन असल्यामुळे मागचा ब्रेक अशा वेळी एरवीपेक्षा जास्त कामाचा होतो, तोही मनापासून वापरा. बॅग सुतळीनं बांधू नका, जुन्या ट्यूबची पट्टी दोनदा ताणून बांधा. वळणात बॅग एका बाजूला सरकली की गाडी तुम्ही सांगितलेल्या झुकीवर राहत नाही. आईंना बाजूला पाय सोडून बसायची सवय असेल तर वळणाच्या आधी सांगा, म्हणजे त्या उलट बाजूला ताठ होणार नाहीत. आणि कॅन दोन्ही बाजूंना लटकवता ना? भरलेल्या कॅनचा तळ झुकल्यावर रस्त्याला लागणार नाही एवढा वर बांधा. तो टेकला की मागचं चाक उचललं जातं, तिथे कुठलाच ब्रेक मदतीला येत नाही. अर्धवट भरलेल्या कॅनमधलं दूध वळणात डुचमळून गाडी ओढतं, पण म्हणून एक पूर्ण भरलेली आणि एक रिकामी केली तर एकीकडे कल येतो. दोन्हीत सारखं भरा, हेच बरं.

ऋतूप्रमाणे

सोयाबीन निघालं की रस्त्यावर कुटार, म्हणजे भुसा असतो. दिसायला कोरडा, पण चाकाखाली गोल फिरतो. तिथे मुरमाचेच नियम. पावसाळ्यात ट्रॅक्टर पांदणीतून काळी माती डांबरावर आणतो. ती ओली झाली की पकड मुरमाच्याही खाली जाते आणि टायरच्या खाचा भरून टायर गुळगुळीत होतो. डांबरावर आल्यावर थोडं अंतर हळू चालवून माती झडू द्या, मगच वेग. रपट्यावर शेवाळ असेल तर गाडी सरळ, रेस स्थिर, ब्रेक नाही, गिअर बदलणं नाही. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर थांबा, ते ब्रेकच्या हिशोबात बसत नाही. ड्रममध्ये पाणी गेलं की पहिले एक-दोन ब्रेक लागतच नाहीत. पाण्यातून निघाल्यावर हळू चालवत दोन्ही ब्रेक थोडे घासत न्या, उष्णतेनं लायनर सुकतात.

नव्या सिमेंट रस्त्यांची कड कुठे कुठे चार बोटं उंच आहे. साईडपट्टीवरून परत वर येताना कडेला जवळजवळ समांतर चढू नका, चाक कडेला घासत राहतं आणि हँडल हातातून जातं. वेग कमी करून, शक्य तेवढं आडवं चढा. कधी परतवाड्याहून चिखलदऱ्याला गेलात तर उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनलाच गाडी धरू द्या. ड्रम तापला की लायनरची पकड उतरते आणि पेडल पूर्वीइतकंच दाबूनही गाडी थांबत नाही.

रात्री रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर सांगून येत नाहीत. एकदा गाडी अंधारात उभी करा, डिपर लावा, समोर काळी ताडपत्री टाका आणि ती किती पावलांवरून ओळखू येते ते मोजा. 40 ला प्रतिसादाचं अंतर धरून वीसेक मीटर लागतात, 60 ला सदतीसच्या आसपास. ताडपत्री जिथून दिसली त्या अंतरापेक्षा कमी अंतरात थांबणारा वेग तुमचा रात्रीचा वेग.

डिस्क आणि जाड टायर

डिस्क बसवू नका. तिला वेगळा हब, वेगळा शॉकअप, मास्टर सिलिंडर, होज असं सगळं लागतं, कॉम्बी ब्रेकची जुळणी मोडते, आणि बाहेरून जोडलेल्या सुट्या भागांचा मेळ बसेलच असं नाही. नीट सेट केलेला ड्रम 100 सीसीच्या गाडीला पुरतो. पुढची गाडी घ्याल तेव्हा डिस्क आणि एबीएस जरूर पाहा.

जाड टायरही नको. अरुंद रिमवर रुंद टायर बसवला की त्याच्या कडा आत दुमडतात, माथा गोल होतो, गाडी वळायला वेगळीच वागते, आणि तो चेनकव्हर किंवा मडगार्डला घासू शकतो. कंपनीनं दिलेल्याच मापाचा, चांगल्या खाचांचा टायर टाका. झीज दाखवणाऱ्या छोट्या पट्ट्या खाचांमध्ये असतात. रबर त्यांच्या बरोबरीला आलं की बदला. पुढचा टायर मागच्यापेक्षा कमी झिजतो म्हणून वर्षानुवर्षं तोच ठेवतात आणि त्याचं रबर कडक होतं. तुमचा 2021 चाच असेल तर बाजूवरचे तारखेचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. तडे दिसत असतील तर खाचा असूनही तो आधी बदला, मागचा नंतर.

हवा थंड टायरमध्ये बघा, दूध पोचवून आल्यावर नाही. आकडे चेनकव्हरवरच्या किंवा मागच्या चिमट्यावरच्या स्टिकरवर असतात. या वर्गात पुढे 25 च्या आसपास, मागे एकट्याला 28 ते 30, आणि डबल सीट किंवा गोणी असेल तर बरीच जास्त, काही गाड्यांना 41 पर्यंत. पंक्चरवाला दोन्हीत सरसकट 35 भरतो, त्याला पुढचं आणि मागचं वेगवेगळं सांगा.